सिलेंडरमध्ये उष्णता किती? जळणाचा हिशेब आणि त्यातलं पाणी

घरगुती गॅसच्या लाल सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा जाळला तर उष्णता किती मिळेल? एका पुस्तकात किलोमागे ५० मेगाज्यूल असा आकडा सापडतो, दुसऱ्यात ४६. पहिला धरला तर सिलेंडरमागे ७१० मेगाज्यूल होतात, दुसरा धरला तर ६५३. फरक ५७ मेगाज्यूलचा, म्हणजे जवळजवळ सव्वा किलो गॅसचा. आणि तरीही दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. भानगड गॅसमध्ये नाही, पाण्यात आहे.

जळणाच्या उष्णतेचं गणित तसं अवघड नाही. बारावीच्या रसायनशास्त्रात ते येऊन जातं. पण कोळसा असो, उसाचं चिपाड असो की पेट्रोल, पाणी कुठल्या खात्यात धरलं आहे हे विचारल्याशिवाय समोरचा आकडा वापरू नये. जाणकार माणसंही इथेच गडबडतात.

## आधी मापं

एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी, म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल किंवा ८६० किलोकॅलरी. पुस्तकं ज्यूलमध्ये बोलतात, कोळशाच्या खाणी आणि साखर कारखाने किलोकॅलरीत, तर नैसर्गिक वायूचा घाऊक बाजार एमएमबीटीयूमध्ये. एक एमएमबीटीयू म्हणजे १,०५५ मेगाज्यूल. एक किलो जळण पूर्ण जळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेला त्याचं उष्मामूल्य म्हणतात. पुढे ज्यूल आणि किलोकॅलरी या दोन्ही बोली येतील, कारण प्रत्यक्षात त्या तशाच सरमिसळ चालतात.

## उष्णता येते कुठून

जळणात उष्णता साठवलेली असते असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. जळताना आधी जुने रासायनिक बंध तुटतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. मग नवे बंध जुळतात आणि ऊर्जा बाहेर पडते. जुळताना मिळालेली ऊर्जा तोडताना लागलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त असते, आणि ही शिल्लक म्हणजेच आपल्या हाती येणारी उष्णता.

मिथेनचं उदाहरण घेऊ. पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः हाच वायू असतो. त्याच्या रेणूत कार्बन-हायड्रोजनचे ४ बंध आहेत, मोलमागे प्रत्येकी ४१३ किलोज्यूलचे. तो जाळायला ऑक्सिजनचे २ रेणू लागतात, त्यांचे बंध प्रत्येकी ४९८ चे. हे सगळे तोडायला १,६५२ अधिक ९९६, म्हणजे २,६४८ किलोज्यूल लागतात. जळून एक रेणू कार्बन डायऑक्साइड आणि दोन रेणू पाणी तयार होतं. कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध प्रत्येकी ७९९ चे आणि पाण्यातले चार बंध प्रत्येकी ४६३ चे. मिळून ३,४५० किलोज्यूल. वजाबाकी केली की ८०२ उरतात. एक मोल मिथेन, म्हणजे १६ ग्रॅम, जाळल्यावर ८०२ किलोज्यूल उष्णता मिळते, ती अशी.

उत्तर मोजलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळतं, पण त्यावर फार विसंबू नये. बंधांचे हे आकडे अनेक संयुगांवरून काढलेली सरासरी असतात. मिथेनसाठी ते छान जमतात, दुसऱ्या इंधनांत थोडेफार इकडेतिकडे होतात. उष्णता कुठून येते हे समजून घ्यायला ही रीत उत्तम; पण व्यवहाराला हेसची रीत अधिक भरवशाची.

## हेसची वजाबाकी

जर्मेन हेस हा जिनिव्हात जन्मलेला आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये काम केलेला रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४० मध्ये मांडलेला नियम असा: रासायनिक बदल एका टप्प्यात होवो की दहा टप्प्यांत, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णताही तेवढीच.

या नियमाची खरी करामत दिसते ती न मोजता येणारी गोष्ट काढताना. कार्बन अर्धवट जळून फक्त कार्बन मोनॉक्साइड झाला तर उष्णता किती? हे थेट मोजणं जवळजवळ अशक्य आहे, कारण थोडा कार्बन पूर्ण जळतोच. पण कार्बन पूर्ण जळला तर मोलमागे ३९३.५ किलोज्यूल मिळतात हे मोजता येतं, आणि कार्बन मोनॉक्साइड जाळल्यावर २८३ मिळतात हेही मोजता येतं. उरले ११०.५. म्हणजे जो कार्बन अर्धवट जळला त्याने आपल्या उष्णतेतला जेमतेम २८ टक्के वाटा दिला. बाकीचा विषारी वायूबरोबर निघून गेला. हा वायू लक्षात ठेवा, शेवटी गॅस गीझरपाशी तो पुन्हा भेटणार आहे.

आता सिलेंडर. त्यात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेनच्या रेणूत ३ कार्बन, ८ हायड्रोजन. जळून ३ रेणू कार्बन डायऑक्साइड आणि ४ रेणू पाणी होतं. मूलद्रव्यांपासून ही संयुगं तयार होताना सुटणारी उष्णता तक्त्यात मिळते: कार्बन डायऑक्साइडची ३९३.५, द्रव पाण्याची २८५.८, प्रोपेनची १०३.८ किलोज्यूल. मग ३९३.५ ची तिप्पट अधिक २८५.८ ची चौपट, त्यातून १०३.८ वजा. उत्तर २,२२० किलोज्यूल. एक मोल प्रोपेन ४४.१ ग्रॅम, म्हणून किलोमागे ५०.३ मेगाज्यूल. ब्यूटेनचं असंच केलं तर ४९.५ येतात. पहिल्या पुस्तकातले ५० ते हेच.

पण वर मी ‘द्रव पाण्याची’ असं लिहिलं. शेगडीवर पाणी द्रव असतं का?

## पाण्याचे दोन हिशेब

गार पाण्याने भरलेलं पातेलं पेटत्या शेगडीवर ठेवा आणि पहिल्या मिनिटात बाहेरून त्याच्या बुडाकडे, कडेकडे नजर टाका. भांड्यावर बाहेरून दव धरतं, कधी एखादा थेंब बर्नरवर पडून चुर्र होतो. पातेलं गळत नसतं. ते गॅस जळून तयार झालेलं पाणी असतं. एक किलो प्रोपेन जळलं की १.६३ किलो पाणी तयार होतं. आख्ख्या सिलेंडरमधून बावीस लिटरच्या वर पाणी निघतं; फक्त ते वाफेच्या रूपात खिडकीतून निघून जातं, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

वाफ जाते ती रिकाम्या हाताने जात नाही. एक किलो पाणी वाफेच्या रूपात ठेवायला सुमारे २.४४ मेगाज्यूल उष्णता अडकून पडते. १.६३ गुणिले २.४४ म्हणजे जवळजवळ ४ मेगाज्यूल. ५०.३ मधून ४ गेले, उरले ४६.३. दुसऱ्या पुस्तकाने हे चार मेगाज्यूल आधीच वजा करून टाकलेले असतात.

पाणी थंड होऊन द्रव झालं असं धरून काढलेल्या आकड्याला ग्रॉस म्हणतात, कारखान्यांच्या भाषेत जीसीव्ही. वाफ वाफच राहिली असं धरलं की नेट, म्हणजे एनसीव्ही. ज्या जळणात हायड्रोजन जास्त, त्यात हा फरक मोठा. लोणारी कोळसा बहुतांशी नुसता कार्बन. त्यात ग्रॉस आणि नेट जवळपास सारखेच. मिथेनमध्ये फरक दहा टक्के: मोलमागे ८९० आणि ८०२. हायड्रोजन वायूत तर किलोमागे १४२ आणि १२० मेगाज्यूल. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या बातमीत १४२ हा आकडा दिसला की मी सावध होतो. त्या गाड्यांच्या नळीतून पाण्याची वाफ बाहेर पडते, तेव्हा १२० च धरायला हवेत.

याच गोंधळातून एक मजेदार प्रकार जन्मला आहे. युरोपात घरं गरम ठेवणारे काही गॅस बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही वसूल करतात. तिथे कार्यक्षमता नेट आकड्यावर काढायची जुनी प्रथा, त्यामुळे या बॉयलरांची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर छापली जाते. निसर्गनियम मोडलेला नाही, भागाकारात खालचा आकडा लहान घेतला आहे, इतकंच.

## मोजायचं कसं

कोळशाची किंवा लाकडाची रासायनिक रचना प्रोपेनसारखी नेमकी नसते. तिथे तक्ता उपयोगी पडत नाही, जाळून बघावं लागतं. लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच जोडीने १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या भांड्यात कोळसा जाळला आणि किती बर्फ वितळला यावरून उष्णता मोजली. त्याच भांड्यात त्यांनी गिनी पिगही ठेवला होता. प्राण्याचा श्वासोच्छ्वास हेही संथ ज्वलनच, हे त्यांना दाखवायचं होतं.

आज प्रयोगशाळेत बॉम्ब कॅलरीमीटर असतो. नाव भयंकर, वस्तू साधी: जाड पोलादी भांडं, वर घट्ट फिरकीचं झाकण. वाळवून दळलेल्या कोळशाची साधारण एक ग्रॅमची वडी छोट्या वाटीत ठेवायची, तिला बारीक तार आणि सुताचा धागा टेकवायचा, झाकण आवळायचं आणि आत वातावरणाच्या पंचवीस-तीस पट दाबाने ऑक्सिजन भरायचा. हे भांडं मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवायचं. ढवळणी सुरू करून तापमान स्थिरावू द्यायचं, आणि मग बटण दाबायचं. आवाज होत नाही, काही दिसत नाही. फक्त थर्मामीटर चढायला लागतो आणि काही मिनिटांनी थांबतो.

उपकरण स्वतः किती उष्णता खातं हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी शुद्ध बेंझॉइक आम्ल जाळतात, कारण त्याची उष्णता पक्की ठाऊक आहे: ग्रॅमला २६.४३ किलोज्यूल. समजा एक ग्रॅम बेंझॉइक आम्लाने तापमान २.६० अंश चढलं, तर एका अंशाला १०,१६५ ज्यूल लागतात. आता त्याच उपकरणात एक ग्रॅम कोळशाने १.५८ अंश चढले. गुणाकार १६,०६० ज्यूल. त्यातून तार आणि धागा जळल्याचे, समजा, ६० ज्यूल वजा. ग्रॅमला १६ किलोज्यूल, म्हणजे किलोला सुमारे ३,८२४ किलोकॅलरी. काटेकोर कामात बॉम्बमध्ये तयार होणाऱ्या नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचीही वजावट करतात.

बॉम्ब बंद असतो, त्यामुळे वाफ आतच थंड होऊन पाणी होते. म्हणून बॉम्बचा आकडा नेहमी ग्रॉस असतो. भट्टीची वाफ मात्र चिमणीतून जाते. नेट आकडा हवा असेल तर हायड्रोजनचं प्रमाण वेगळं मोजून वजाबाकी करावी लागते.

दुसरी अडचण उपकरणाची नाही, नमुन्याची आहे. मालगाडीच्या एका रेकमध्ये चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो. त्याची किंमत ठरते त्या एका ग्रॅमवर. वाघिणीच्या वरचा कोळसा उचलला की खालचा, मोठे दगड घेतले की चुरा, यावर शेकडो किलोकॅलरींचा फरक पडू शकतो. प्रयोगशाळेने तिसऱ्या दशांशापर्यंत केलेली मेहनत तेव्हा पाण्यात जाते.

## विदर्भाचा कोळसा आणि पाऊस

भारतात दगडी कोळशाची प्रतवारी २०१२ पासून ग्रॉस उष्मामूल्यावर होते. त्याआधी राख आणि ओलावा मोजून एका सूत्राने ‘उपयुक्त उष्णता’ काढत: ८,९०० मधून राख-ओलाव्याच्या टक्केवारीच्या बेरजेची १३८ पट वजा करायची. सोपं होतं, पण प्रत्यक्ष उष्णता त्यात कोणी मोजत नव्हतं. आता जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत. ७,००० किलोकॅलरीच्या वर जी-१, मग तीनशे-तीनशेच्या पायऱ्यांनी खाली, जी-१७ मध्ये २,२०१ ते २,५००.

पायरी तीनशेची असल्याने ओलावा इथे थेट पैशात बोलतो. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात आहेत आणि तिथला पाऊस काही थोडाथोडका नसतो. समजा कोळशात ६ टक्के ओलावा असताना उष्मामूल्य ४,००० भरलं, म्हणजे जी-१२. तोच कोळसा भिजून ओलावा १५ टक्के झाला, तर ४,००० ला ८५ ने गुणून ९४ ने भागायचं: ३,६१७. झाला जी-१३. कोळसा तोच, राख तीच. उष्णता जास्त वजनावर वाटली गेली एवढंच. खाणीपाशी कोळसा ठरावीक ओलाव्याला आणून तपासतात, वीज केंद्र मात्र जसा उतरला तसा तपासतं. दोन्ही अहवाल खरे असूनही जुळत नाहीत, आणि मग पत्रापत्री चालते. अर्थात प्रत्येक तफावतीचं खापर पावसावर फोडण्यात अर्थ नाही. नमुन्याची लबाडी आणि दगडाची भेसळ या गोष्टीही कोळशाच्या धंद्याला नव्या नाहीत.

ओल्या कोळशाचं दुखणं इथे संपत नाही. किलोमागचं ते १५० ग्रॅम पाणी बॉयलरमध्ये वाफ होऊन जाताना आणखी ८८ किलोकॅलरी घेऊन जातं. ग्रॉस आकड्यात ही घट दिसत नाही, ती चिमणीतून होते.

विजेचा हिशेब यावरूनच निघतो. एखाद्या केंद्राला एक युनिट बनवायला २,४०० किलोकॅलरी लागत असतील, तर कार्यक्षमता झाली ८६० भागिले २,४००, म्हणजे ३६ टक्के. कोळसा ३,५०० चा असेल तर युनिटला सुमारे ६८५ ग्रॅम. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ते पूर्ण ताकदीने चाललं तर या दराने तासाला २,००० टन कोळसा लागेल, म्हणजे दर दोन तासांना एक रेक.

## चिपाडाचं कोडं

साखर कारखान्यात रस काढून झालेलं चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जातं. त्यावर कारखाना स्वतःची वाफ आणि वीज भागवतो, सहवीज प्रकल्प असेल तर उरलेली वीज विकतो. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं.

पूर्ण वाळलेल्या बगॅसचं ग्रॉस उष्मामूल्य ४,६०० किलोकॅलरी धरतात. निम्मं पाणी असलेल्या किलोभर बगॅसचं झालं २,३००. आता नेट काढू. अर्धा किलो पाणी आधीच आहे. अर्धा किलो कोरड्या भागात साडेसहा टक्के हायड्रोजन; हायड्रोजनच्या नऊपट पाणी तयार होतं, म्हणून आणखी ०.२९ किलो. एकूण ०.७९ किलो पाण्याची वाफ. किलोला ५८७ किलोकॅलरी हा अभियांत्रिकीच्या पुस्तकातला आकडा धरला तर ४६५ वजा. उरले सुमारे १,८३५. ग्रॉसमधला पाचवा हिस्सा वाफेने खाल्ला.

ओलावा ५० वरून ४५ टक्क्यांवर आणला तर? तीच रीत लावून नेट २,०७७ येतं. किलोमागे १३ टक्के वाढ! बगॅस वाळवायची यंत्रं विकणारे हा आकडा आवर्जून पुढे करतात. पण कारखान्याकडे ऊस तेवढाच आहे, चोथाही तेवढाच. वाळवल्यावर बगॅसचं वजन घटतं, म्हणून किलोचा हिशेब इथे दिशाभूल करतो. कोरड्या चोथ्याच्या किलोमागे पाहा: आधी १,८३५ भागिले ०.५०, म्हणजे ३,६७०. नंतर २,०७७ भागिले ०.५५, म्हणजे ३,७७६. खरी वाढ तीन टक्क्यांची. कोरडं जळण जास्त तापतं, चांगलं जळतं, धुरावाटे होणारा तोटा घटतो, हे फायदे आहेतच. पण ते वेगळे मोजून दाखवावेत, तेरा टक्क्यांत कालवू नयेत.

पाठ्यपुस्तकातलं ड्यूलाँगचं सूत्र बगॅसला लावून पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. त्या सूत्रात कार्बनला ८,०८०, हायड्रोजनला ३४,५०० आणि गंधकाला २,२४० किलोकॅलरी देतात. मात्र जळणात आधीच असलेल्या ऑक्सिजनने आपल्या वजनाच्या आठव्या हिश्शाइतका हायड्रोजन अडवून ठेवला आहे असं मानून तो वगळतात. कोरड्या बगॅसमध्ये ४७ टक्के कार्बन, ६.५ टक्के हायड्रोजन, ४४ टक्के ऑक्सिजन घेतला तर उत्तर ४,१४० च्या आसपास येतं, प्रत्यक्षापेक्षा दहा टक्के कमी. दगडी कोळशात ऑक्सिजन थोडा, तिथे सूत्र चालतं. लाकूड, चिपाड, गोवरी यांना ते लावू नये. परीक्षेत विचारलं तर गोष्ट वेगळी.

## चहाचं आधण, पाइपचा गॅस आणि पेट्रोल

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३१४ किलोज्यूल लागतात. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची उष्णता-कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी. त्या हिशेबाने ४६२ किलोज्यूल जाळावे लागतील, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम गॅस. प्रत्यक्षात भांडं लहान, ज्योत बुडाबाहेर, झाकण नाही, बर्नरची भोकं तुंबलेली; तेव्हा जास्तच जातो. मानकाची चाचणी मोठ्या भांड्यावर, ठरवून दिलेल्या रीतीने होते, आपल्या दोन कप चहाच्या पातेल्यावर नव्हे.

पाइपच्या गॅसचं बिल घनमीटरवर येतं. मिथेन धरून एका घनमीटरची नेट उष्णता सुमारे ३४ मेगाज्यूल. सिलेंडरच्या ६५३ ला ३४ ने भागलं की १९ घनमीटर. मुंबई-पुण्यात सिलेंडर सोडून पाइप घेतलेल्यांनी बिलाची तुलना या १९ वर करावी. दोन्हीकडे नेटच धरला आहे, ही खबरदारी घ्यायचीच.

पेट्रोलमध्ये कोडं लिटरचं आहे. पेट्रोलच्या लिटरमागे साधारण ३२ मेगाज्यूल नेट, इथेनॉलच्या लिटरमागे २१. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे, म्हणजे तो काहीसा आधीच जळालेला आहे म्हणा. वीस टक्के इथेनॉल घातलेल्या लिटरमध्ये २५.६ अधिक ४.२, म्हणजे ३० ला थोडे कमी. नुसत्या पेट्रोलपेक्षा सात टक्के कमी उष्णता. मायलेज बरोबर सात टक्क्यांनीच पडेल असं यातून निघत नाही, ते इंजिनावर अवलंबून आहे. पण उष्णता कमी आहे याबद्दल वादाला जागा नाही.

## ऑक्सिजनकडून उलटा हिशेब

आतापर्यंत सगळं जळणाच्या किलोवर मोजलं. डब्ल्यू. एम. थॉर्नटनने १९१७ मध्ये दाखवलं की ऑक्सिजनच्या किलोवर मोजलं तर निरनिराळी सेंद्रिय जळणं जवळपास सारखीच उष्णता देतात. आज आगीच्या चाचण्यांत ऑक्सिजनच्या किलोला १३.१ मेगाज्यूल धरतात. जळणाऱ्या सोफ्यात काय काय भरलंय हे माहीत नसलं तरी धुरातला ऑक्सिजन किती घटला हे मोजून आगीची ताकद काढता येते. मिथेनसाठी हा आकडा १२.५ येतो, प्रोपेनसाठी १२.८, फार लांब नाही.

हाच हिशेब बाथरूममधल्या गॅस गीझरला लावा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर ६२८ किलोज्यूल लागतात. गीझरची कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर जाळायचे ७५०. म्हणजे मिनिटाला १६ ग्रॅम गॅस आणि त्यासाठी ५९ ग्रॅम ऑक्सिजन. दीड मीटर बाय दोन मीटरची, अडीच मीटर उंच बंद बाथरूम घ्या. तिच्यातल्या हवेत ऑक्सिजन दोन किलोच्या जरा वर असतो. दार-खिडकी गच्च बंद असेल तर दहा मिनिटांत त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त संपतो आणि प्रमाण २१ टक्क्यांवरून १५ च्या आसपास येतं. ऑक्सिजन असा घटू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आतल्या माणसाला फक्त गरगरायला लागतं, आणि कडी काढायला हात उठेपर्यंत पाय गेलेले असतात.

हे गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायला सांगतात ते यासाठी. आत एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निश्चिंत राहू नये: हवा आत यायला फटच नसेल तर पंखा नुसता फिरतो, आणि गीझरचा धूर नेणारी नळी असली तर तिच्यातला धूरही उलटा आत ओढतो.